मामंजींची अर्धी भाकरी

निपाणी तालुक्यातील एका गावातून एका सूनबाईंचे पत्र आले आहे. नाव न छापण्याची त्यांची विनंती आहे. पत्र मोठे असल्यामुळे त्यातला आवश्यक तेवढाच भाग खाली देत आहे.

‘माझे सासरे, आम्ही त्यांना मामंजी म्हणतो, 76 वर्षांचे आहेत. उभे आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेले, विडीही ओढत होते, ती दहा वर्षांपूर्वी सोडली. गेल्या दिवाळीच्या आधी आत्याबाई, म्हणजे सासूबाई, वारल्या. पूर्वी मामंजी दोन भाकऱ्या सहज खात असत, आता अर्धी खाल्ली की ताट सरकवतात आणि “पोट भरलं” म्हणतात. आषाढात घरात सगळ्यांना ताप आला होता. माझे मालक पंधरा दिवसांत पूर्ववत झाले, मामंजी मात्र तेव्हापासून आणखी खालावले. फेब्रुवारीत साखर तपासायला गेलो तेव्हा वजन 58 किलो होते, या आठवड्यात 52 भरले. घड्याळाचा पट्टा दोन भोके आत घेतला तरी ते मनगटावरून कोपराकडे घसरते. साखरेच्या दोन गोळ्या निपाणीच्या डॉक्टरांच्या आहेत, रक्तदाबाची आणि झोपेची कोल्हापूरची. शेजारी म्हणतात, वय झाले की असेच होते. मालक म्हणतात, तुझ्या हातचे त्यांना आवडत नाही, आणि त्यांनी औषधाच्या दुकानातून भूक वाढवणारे सिरप आणून ठेवले आहे. वय वाढल्यावर हार्मोन बदलतात म्हणून भूक मरते असे मी एका मासिकात वाचले. मग त्या हार्मोनचे इंजेक्शन मिळते का? ते द्यावे का?’

ताई, तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे ते दोन आकडे, आणि ते तारखेसह लिहून ठेवल्याबद्दल तुमचे कौतुक केले पाहिजे. आठ महिन्यांत 58 वरून 52 म्हणजे मूळ वजनाच्या दहा टक्क्यांहून थोडी अधिक घट. कोणी मुद्दाम पथ्य करीत नसताना सहा महिने ते वर्षभरात पाच टक्के वजन उतरले तरी ते डॉक्टरांच्या कानावर घातले पाहिजे असा आमच्या शास्त्रातला संकेत आहे. मामंजींच्या बाबतीत ही सीमा तीन किलोंवर येते आणि ते तिच्या दुप्पट पुढे गेले आहेत. त्यामुळे शेजाऱ्यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. वयानुसार भूक कमी होते हे खरे, पण वय एकटे आठ महिन्यांत सहा किलो खात नाही.

आधी त्या खऱ्या अर्ध्याविषयी लिहितो, कारण तुमच्या स्वयंपाकावरचा आरोप तिथेच गळून पडतो. म्हातारपणी कमी होणाऱ्या भुकेकडे स्वतंत्र विषय म्हणून पाहायला ज्यांनी वैद्यकाला शिकवले त्यांत जॉन मॉर्ली हे नाव ठळक आहे. दक्षिण आफ्रिकेत शिकलेले आणि पुढे अमेरिकेत सेंट लुईस विद्यापीठात वृद्धांच्या वैद्यकाचा विभाग सांभाळलेले हे गृहस्थ मुळात हार्मोनचे, म्हणजे अंतःस्रावांचे तज्ज्ञ. 1988 मध्ये त्यांनी एका सहकाऱ्यासह या विषयावर लेख लिहिला आणि वार्धक्यातील क्षुधामांद्य ही एक वैद्यकीय अवस्था म्हणून चर्चेत आली. तोवर डॉक्टरसुद्धा तुमच्या शेजाऱ्यांसारखेच बोलत असत, आणि काही अजूनही बोलतात.

साधारण चाळिशीपासून सत्तरीपर्यंत माणसाचे रोजचे खाणे सुमारे एक चतुर्थांशाने कमी होते. हालचाल घटते आणि स्नायू आटतात, म्हणून शरीराची गरजही घटते, हे त्याचे सरळ कारण. पण गरज घटते त्यापेक्षा भूक अधिक घटली तर वजन उतरू लागते, आणि येथे पोटाचे आणि हार्मोनचे काम सुरू होते. तरुण माणसाच्या जठराचा वरचा भाग अन्न आले की सैल होऊन त्याला जागा करून देतो. वयानुसार हे सैल होणे कमी पडते, घास लवकर खालच्या भागात उतरतात, तो भाग ताणला जातो आणि मेंदूला निरोप जातो की पोट भरले. जोडीला लहान आतड्यातून कोलेसिस्टोकायनिन नावाचे हार्मोन स्रवते, विशेषतः तेलतूप आणि प्रथिने खाल्ल्यावर. तृप्तीचा निरोप तेही नेते, आणि वृद्धांच्या रक्तात त्याची पातळी तरुणांपेक्षा जास्त आढळते. पुरुषांमध्ये आणखी एक गोष्ट घडते. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन उतरते तसे चरबीतून येणारे लेप्टिन वाढते, आणि लेप्टिनचे कामच मुळी भूक आवरण्याचे आहे. म्हणजे अर्ध्या भाकरीवर ‘पोट भरलं’ म्हणणारे मामंजी खोटे बोलत नाहीत, रुसलेले नाहीत आणि तुमच्या हाताला नावेही ठेवत नाहीत. त्यांचे पोट त्यांना खरोखरच तसे सांगत आहे.

आषाढातल्या तापाविषयी तुम्ही लिहिलेली गोष्ट तर मला पाठ्यपुस्तकातली वाटली. सुसान रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. तरुण आणि वृद्ध पुरुषांना काही आठवडे मुद्दाम कमी खायला दिले आणि नंतर हवे तेवढे खाण्याची मोकळीक दिली. तरुणांनी आपोआप जास्त खाऊन गमावलेले वजन भरून काढले, वृद्धांनी काढले नाही. ‘मी खाली घसरलो आहे, आता भरपाई केली पाहिजे’ ही जाणीव करून देणारी शरीराची यंत्रणाच वयानुसार मंदावलेली असते. तुमचे मालक पंधरा दिवसांत सावरले आणि त्यांचे वडील सावरले नाहीत, याचे मूळ बहुधा इथेच आहे. म्हातारा माणूस आजारातून उठला की ‘भूक लागेल तेव्हा खाईल’ म्हणून वाट पाहत बसणे धोक्याचे असते ते यामुळेच, कारण ती भूक पुष्कळदा येतच नाही.

आता उरलेल्या अर्ध्याकडे, म्हणजे वयावर ढकलता येणार नाही अशा कारणांकडे वळू. मामंजींच्या पत्रिकेत अशी बरीच आहेत, म्हणून सांगतो की या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा आणि तेही सगळे कागद घेऊन. सीमाभागात राहणाऱ्यांची एक खास अडचण मी रोज पाहतो. निपाणीकराला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, त्यामुळे एक औषध इकडच्या डॉक्टरांचे असते आणि दुसरे तिकडच्या. दोघांना एकमेकांची चिठ्ठी ठाऊक नसते, आणि एकच औषध दोन नावांनी पोटात जात असल्याचेही मी पाहिले आहे. म्हणून चारही गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून न्या आणि एकाच डॉक्टरांपुढे ती पिशवी टेबलावर उपडी करा.

त्या गोळ्यांपैकी साखरेची मेटफॉर्मिन तुम्ही लिहिता त्याप्रमाणे याच उन्हाळ्यात पाचशेवरून हजारावर गेली. हे औषध चांगले आहे, पण ते भूक कमी करते, तोंडाची चव बिघडवते, वजन उतरवते आणि वर्षानुवर्षे घेतल्यास ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता आणते. ज्याचे वजन आधीच घसरते आहे त्याला त्याची मात्रा तेवढीच हवी का, हा प्रश्न डॉक्टरांना स्पष्ट विचारा. दुसरी गोळी ग्लिमेपिराइडची. तिच्याविषयी मला अधिक काळजी वाटते, कारण ती खाल्लेल्या अन्नाचा विचार न करता साखर उतरवते. दोन भाकऱ्यांच्या हिशेबाने ठरलेली गोळी अर्ध्या भाकरीवर घेतली तर पहाटे घाम, थरथर, बरळणे किंवा बेशुद्धी येऊ शकते. असे दिसले आणि मामंजी शुद्धीवर असतील तर लगेच साखरपाणी द्या. गिळता येत नसेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठा. आणि जेवलेच नाहीत त्या वेळी ही गोळी द्यायची की नाही, हे डॉक्टरांकडून आजच लिहून घ्या. मात्र कोणतीही गोळी, विशेषतः झोपेची, मनाने एकदम बंद करू नका.

तपासण्यांत थायरॉइड जरूर असू द्या, कारण म्हातारपणी ही ग्रंथी वाढीव काम करू लागली तरी नेहमीची धडधड किंवा घाम दिसतोच असे नाही, माणूस नुसता मलूल होतो आणि वाळत जातो. मूत्रपिंड, यकृत, कॅल्शियम, हिमोग्लोबिन आणि ब-12 याही पाहाव्या लागतील. छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी टाळू नका. वखारीची धूळ आणि विडी यांत आयुष्य गेलेल्या माणसाचे वजन उतरले की क्षयरोग आणि कर्करोग या दोन्हींचा विचार आधी करायचा असतो, आणि क्षयाची तपासणी सरकारी दवाखान्यात विनामूल्य होते. त्याच भेटीत तोंड उजेडात नीट पाहून घ्यायला सांगा. जिभेखाली किंवा गालाच्या आत न भरणारी जखम, पांढरा चट्टा, गिळताना ठसका, यांपैकी काही असेल तर तपास वेगळ्या दिशेने न्यावा लागतो. वजन उतरले की हिरड्याही आटतात आणि कवळी सैल होते. माझ्याकडे आलेल्या एका आजोबांची ‘भूक’ कवळी नव्याने बसवल्यावर परत आली होती, ही आठवण इथे सांगून ठेवतो.

मनाचा भाग मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण त्याला पुष्कळ वेळा पहिला मान मिळून शरीराची तपासणी राहून जाते. तरीही आत्याबाई गेल्या त्याला वर्ष होत आले आहे आणि मामंजी आता एकटे जेवतात, हे मी नजरेआड करू शकत नाही. वृद्धांमध्ये वजन उतरण्याच्या कारणांत उदासीनता फार वरच्या क्रमांकावर आहे आणि तिच्यावर उपचार होतात. ‘दिवस कसा जातो, कशात मन लागते का’ हे डॉक्टरांनी विचारावे असे वाटत असेल तर तुम्हीच त्यांना तशी आठवण करा, आणि मामंजींना मराठीत विचारले जाईल असे पाहा. सरकारी दवाखान्यात कानडी बोलणाऱ्या तरुण डॉक्टरांसमोर आपली माणसे नुसती मान हलवतात, आणि मान हलवण्यातून उदासीनता कळत नाही.

जाण्यापूर्वी घरी एक छोटी चाचणी करून न्या. मॉर्ली यांच्या गटाने 2005 मध्ये चार प्रश्नांची एक प्रश्नावली सिद्ध केली. भूक कशी आहे, किती जेवल्यावर पोट भरल्यासारखे वाटते, अन्नाची चव कशी लागते आणि दिवसातून किती वेळा जेवण होते, हे ते चार प्रश्न. प्रत्येकाला सर्वांत वाईट उत्तरासाठी 1 आणि सर्वांत चांगल्यासाठी 5 गुण द्यायचे. बेरीज 14 किंवा कमी आली तर पुढील सहा महिन्यांत वजन आणखी उतरण्याचा धोका आहे असे समजायचे. तुमच्या पत्रावरून मी अंदाजाने गुण दिले तर मामंजींची बेरीज 9 येते.

आता इंजेक्शनचा प्रश्न. भूक लावणारे एक हार्मोन आहे, जठरातून येणारे घ्रेलिन. 1999 मध्ये जपानमधील कोजिमा आणि कांगावा यांनी ते शोधले. त्याच्यासारखे काम करणारे एक औषध जपानमध्ये 2021 पासून मिळते, पण ते काही विशिष्ट कर्करोगांत झिजत चाललेल्या रुग्णांसाठी आहे, मामंजींसारख्यांसाठी नाही. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने केवळ भुकेसाठी देत नाहीत. मेजेस्ट्रॉल नावाचे औषध भूक वाढवते खरे, पण रक्तात गुठळ्या होण्याचा धोकाही वाढवते, आणि अमेरिकेतील वृद्धवैद्यकांची संघटना वृद्धांना भूक वाढवणारी औषधे सरसकट देऊ नका असे सांगते. हार्मोनचे ज्ञान आज आपल्याला कारण समजावते आणि काय रांधावे, कधी वाढावे हे शिकवते. सुईतून द्यावे असे त्याच्याकडे तुमच्या घरासाठी अजून काही नाही.

मालकांनी आणलेल्या सिरपचे नाव तुम्ही लिहिले आहे, त्यात सायप्रोहेप्टाडिन आहे. मुलांना सर्रास पाजले जाणारे हे औषध वृद्धांना मात्र गुंगी, गोंधळलेपणा, बद्धकोष्ठ आणि लघवी अडणे असे त्रास देते, आणि झोपेची गोळी चालू असताना तर ते नकोच. बाटली बंद असेल तर दुकानात परत करा.

जेवणाविषयी तुम्ही शेवटच्या ओळीत संकोचाने विचारले आहे, पण खरे काम तिथेच आहे. तुम्ही लिहिलेला मामंजींचा दिवस असा आहे: सकाळी बिनसाखरेचा चहा आणि दोन बिस्किटे, बाराला अर्धी भाकरी आणि पातळ आमटी, चारला पुन्हा चहा, रात्री थोडा सारभात. माझ्या हिशेबाने यात प्रथिने जेमतेम 20 ग्रॅम होतात. वृद्धांना दर किलो वजनामागे दिवसाला 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने असावीत असे तज्ज्ञांच्या गटाने 2013 मध्ये सुचवले आहे, म्हणजे मामंजींना 52 ते 62 ग्रॅम हवीत. मूत्रपिंडाचा अहवाल ठीक आला की हा आकडा गाठायचा. तो आला नसेल तोवर डाळीदुधाचे प्रमाण बेताने वाढवा.

ताट मोठे करून तो गाठता येणार नाही. अर्ध्या भाकरीची जागा आहे तर त्या अर्ध्या भाकरीत अधिक भरा. पीठ मळताना त्यात थोडे भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ घाला. भाकरी आमटीत कुस्करून द्या, आणि आमटी पातळ न ठेवता डाळ घोटून दाट करा, कारण पातळ आमटीने पोट भरते आणि शरीराला काही मिळत नाही. शेंगाची चटणी दह्यात कालवून द्या, म्हणजे ती दाताखाली अडत नाही. तूप एक-एक चमचा प्रत्येक वेळी घाला, एकाच वेळी चार चमचे नको, कारण तृप्तीचे ते हार्मोन स्निग्ध पदार्थाने उसळते आणि पुढचे खाणे रोखते. घरात अंडे चालत असेल तर सकाळच्या चहाऐवजी उकडलेले अंडे द्या. बहुतेक वृद्धांची भूक सकाळी सर्वांत चांगली असते, आणि आपण नेमके तेव्हाच त्यांना चहावर ठेवतो.

पातळ पदार्थ जठरातून घट्ट पदार्थांपेक्षा लवकर पुढे सरकतात. म्हणून कपभर म्हशीचे दूध, ताकातली नाचणीची आंबील किंवा दाण्याचे कूट घातलेली कण्यांची पेज जेवणाआधी किमान तासभर, म्हणजे दहा-साडेदहाला द्या आणि तशीच एकदा चारला द्या. जेवतानाच्या तांब्याभर पाण्याने मात्र ताटातले अन्न मागे राहते, ते पाणी जेवणांच्या मधल्या वेळात हलवा. दिवसभरात दोन कप दूध, एक अंडे, वाटीभर घट्ट डाळ, वाटीभर मऊ उसळ, मूठभर दाण्यांचे कूट, वाटीभर दही आणि दोन वेळची मिळून एक भाकरी एवढे झाले तर प्रथिने पन्नाशीच्या पुढे जातात. हे सगळे पहिल्या दिवशी करू नका. आठवड्याला एक पदार्थ वाढवा.

साखरेच्या भीतीने तुम्ही भात, केळे, गूळ सगळे बंद केले आहे आणि रक्तदाबासाठी आमटी अळणी करता. या वयात आणि एवढे वजन उतरलेले असताना मी इतके कडक पथ्य ठेवत नाही. अनेक आजार असलेल्या वृद्धांसाठी तीन महिन्यांची सरासरी साखर आठ टक्क्यांपर्यंत चालते असे मधुमेहाचे मार्गदर्शक नियम सांगतात. तुमच्या डॉक्टरांना तेवढी ढील मान्य असेल तर दुपारचा मूठभर भात परत आणा आणि आमटीत चवीपुरते मीठ येऊ द्या. पाहुण्यांनी बेळगावहून आणलेल्या कुंद्याचा चमचाभर तुकडाही मग कोणाच्या डोळ्यावर येऊ नये. नाकाची आणि जिभेची जाण वयाने बोथट होते, म्हणून फोडणीत लसूण, कढीपत्ता आणि जिरे थोडे सढळ घाला.

खाल्लेल्या अन्नाचा स्नायू व्हायचा तर शरीराला काम हवे. मामंजींना खुर्चीवरून हात न टेकता उठायला आणि पुन्हा बसायला सांगा, सकाळी पाच वेळा आणि संध्याकाळी पाच वेळा. जमत नसेल तर आधी हात टेकून. खुर्ची भिंतीला लावा आणि तुम्ही जवळ उभ्या राहा.

आणि मामंजींचे सोप्यातले ताट आत आणा. मुले दहाला शाळेत जातात आणि मालक कागलच्या एमआयडीसीतून रात्री उशिरा येतात, हे मला समजले. पण बाराला तुम्हीही जेवत असालच. तुम्ही नंतर चुलीपाशी एकट्या जेवता असे तुमच्या पत्रात ओझरते आले आहे. माणूस सोबतीने जेवतो तेव्हा एकट्यापेक्षा जास्त खातो, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. सासऱ्यांसमोर जेवायची तुमच्या घरी रीत नसेल तर ती मोडायला मालकांची संमती घ्या, आणि त्यासाठी हे पान त्यांना वाचायला द्या. रविवारी ते घरी असतात तेव्हा त्यांनी वडिलांच्या पंगतीला बसावे.

वजन दर रविवारी सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, त्याच काट्यावर आणि तशाच कपड्यांत घ्या आणि दिनदर्शिकेवर त्या तारखेखाली लिहा. चार आठवड्यांत 52 टिकले तरी मी समाधानी असेन. 51 च्या खाली गेले, किंवा त्याआधीच गिळताना अडचण, रक्त, ताप वा गोंधळलेपणा दिसला, तर पुढच्या रविवारची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.